जावईबापूंचा स्लॅब

फळी मोडून जावईबापूंचा पाय पोटरीपर्यंत लाकडी फलाटात गेला, तेव्हा आम्ही अकराजणींपैकी एकही हसली नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे त्यांनी घरी जाऊन सांगितलं की इस्त्रीवाल्या बायका फिदीफिदी हसल्या. साफ खोटं. आम्ही हसलो ते नंतर, चहाच्या सुट्टीत, दार लावून. त्या वेळी आम्ही नुसत्या बघत होतो. ज्यांच्या चादरी आमच्याकडे येतात, त्या हॉस्पिटलचे दोन पाहुणे त्यांच्याबरोबर होते. 'इथे आता आपण आमूलाग्र बदल करणार आहोत' असं जावईबापू सांगत होते आणि नेमकं 'आमूलाग्र'पाशी फळीने कर्रकन आवाज केला.

जावईबापू म्हणजे आमच्या लाँड्रीच्या मालकांचे जावई. मालकांचं कंबरेचं हाड मोडल्यापासून ते घरीच असायचे, महिन्यातून एकदा काठी टेकत यायचे, आणि कारभार जावयाकडे आला होता. आधी म्हणे ते कुठल्याशा कंपनीत लोकांना काम कसं करावं ते शिकवायचे. स्वतः कधी कोणतं काम केलं, ते काही आम्हाला कळलं नाही. तोंडावर आम्ही त्यांना 'साहेब' म्हणायचो, पाठीमागे जावईबापू. आक्का मात्र तोंडावरही जावईबापूच म्हणायची. तिने त्यांच्या बायकोला झबल्यात पाहिलेलं, ती कशाला साहेब म्हणेल?

आक्का आमच्यात सगळ्यात जुनी. एकतीस वर्षं एकाच टेबलापाशी उभी राहून तिने किती चादरी कडक केल्या असतील, देव जाणे. मी एकोणीस वर्षांची, म्हणजे नोकरीने. मला सगळ्या 'वकीलबाई' म्हणायच्या, कारण कुणाचं काही मागणं असलं की बोलायला मला पुढे ढकलायच्या. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

आता तो फलाट. आमचा विभाग म्हणजे तळमजल्यावरची एक लांबट खोली. पलीकडे धुलाईची यंत्रं, मध्ये अर्धी भिंत, अलीकडे आमची अकरा टेबलं. वाफेच्या इस्त्रीचं पाणी दिवसभर गळत असतं, त्यामुळे जमीन फरशीची आणि मधून एक नाली. त्या जमिनीवर आडवे वासे टाकून, वर फळ्या ठोकून मालकांनी फार पूर्वी वीतभर उंचीचा लाकडी फलाट करून घेतला होता. दोन फळ्यांमध्ये बोटभर फट. पाणी फटीतून खाली आणि नालीतून बाहेर, पाय कोरडे. शिवाय लाकूड पायाखाली किंचित दबतं. डोळ्याला ते दिसत नाही, पण आठ तास उभं राहिल्यावर पोटऱ्यांना बरोबर कळतं.

टेबलं मात्र फलाटावर नव्हती. ती लोखंडी, जड, खालून वाफेचे पाइप आलेले. लाकडावर ठेवली असती तर डुगडुगली असती. म्हणून फलाटाला चौकोनी भोकं पाडून टेबलांचे पाय थेट जमिनीवर टेकवले होते. टेबल जमिनीवर आणि बाई वीतभर वर. त्यामुळे चादर बरोबर कोपराच्या खाली यायची आणि सगळा जोर इस्त्रीवर पडायचा, खांद्यावर नाही.

ज्याने हे केलं, त्या सुतारमामांना दुसऱ्या दिवशी बोलावलं. म्हाताऱ्याने गुडघे टेकून, कंदिलासारखी बॅटरी फिरवत सगळा फलाट खालून पाहिला आणि उठून म्हणाला, "चार फळ्या कुजल्यात. वासे ठणठणीत आहेत. अर्ध्या दिवसाचं काम."

"मामा, किती दिवस ठिगळं लावत बसायचं?" जावईबापू म्हणाले. अजून लंगडत होते.

"फाटलंय तिथेच ठिगळ लावतात, साहेब. सगळा सदरा टाकून देत नाहीत."

"हीच ती जुनी मानसिकता. मी इथे काँक्रीटचा स्लॅब टाकणार. एकसंध. पन्नास वर्षं बघायला नको."

सुतारमामांनी हत्यारं पिशवीत भरली. जाता जाता टेबलाच्या पायाकडे बोट दाखवून म्हणाले, "तुमची मर्जी. एक मात्र सांगतो, ही टेबलं..." तेवढ्यात जावईबापूंचा फोन वाजला. त्यांनी हाताचा पंजा दाखवून म्हाताऱ्याला थांबवलं आणि बोलत बोलत बाहेर गेले. सुतारमामा पाच मिनिटं उभे राहिले. मग तेही गेले.

त्याच संध्याकाळी जावईबापूंनी मला ऑफिसात बोलावलं. बसायला खुर्ची दिली. एकोणीस वर्षांत त्या खोलीत मी पहिल्यांदा बसले. चहा आला, तोही कपबशीतून. "तुमच्यासारख्या समजूतदार बाईने नुसती इस्त्री करत राहावं, हे मला पटत नाही," ते म्हणाले. "नवीन व्यवस्थेत या विभागाला एक सुपरवायझर लागणार आहे. बघू या. उद्या मी सगळ्यांना विचारणारच आहे स्लॅबबद्दल. तुम्ही बोललात की बाकीच्या ऐकतात, हो ना?"

माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवतात म्हणतात. मला चढवावं लागलंच नाही. मी आपणहून शेंड्यावर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सभा घेतली. "मी हुकूमशहा नाही," असं सांगून सुरुवात केली, तेव्हाच काय ते ओळखायला हवं होतं. स्लॅब किती मजबूत, किती स्वच्छ, झुरळाला जागा कशी राहत नाही, हे सगळं झाल्यावर विचारलं, "कुणाची काही हरकत?"

दहाजणींनी माझ्याकडे पाहिलं. आक्काचा पाय फलाटावर सावकाश वरखाली होत होता, दुखऱ्या गुडघ्याला ती तसंच झुलवायची. सिमेंटवर उभं राहणं म्हणजे काय, हे मला माहीत नव्हतं असं नाही. इथे येण्याआधी दोन वर्षं मी एका कारखान्याच्या सिमेंटच्या जमिनीवर उभी राहून डबे भरले होते आणि रात्री पाय भिंतीला लावून झोपले होते.

"हरकत कसली, साहेब," मी म्हणाले, "चांगलंच होईल की."

वकीलबाईने बाजू मांडली ती अशी.

काम जावईबापूंच्या एका मित्राला मिळालं. हा ठेकेदार दिवसातून एकदा यायचा, गॉगल डोक्यावर चढवायचा, 'होऊन जाईल' म्हणायचा आणि जायचा. फलाट उखडायला त्याची माणसं आली. जावईबापू फोटो काढायला सरसावून उभे होते. खाली सगळं कुजून गेलेलं सापडेल आणि ते सासऱ्यांना दाखवता येईल, असा त्यांचा बेत असावा. पण वासे उपटताना गड्यांना घाम फुटला. एकेक वासा बाहेर आला तो काळाभोर, ठणठणीत, ठोकला तर घंटेसारखा वाजणारा. जावईबापूंनी फोन खिशात घातला. ठेकेदार म्हणाला, "हा सगळा कचरा मी माझ्या गाडीने उचलून नेतो, तुम्हाला त्रास नको." मागाहून कळलं की त्या कचऱ्याचे त्याच्या अंगणात दोन झकास बाक झालेत.

नालीवर फरशीचे तुकडे टाकून ती बुजवली. "पाणी उताराने जाईल," ठेकेदार म्हणाला. कुठल्या उताराने, ते बोलला नाही. मग जाळी बांधली, खडी-सिमेंट ओतलं, चार इंचांचा स्लॅब झाला. वर घोटून घोटून असा गुळगुळीत केला की तोंड पाहून कुंकू लावावं. ठेकेदाराच्या मुकादमाने सांगितलं की यावर निदान दहा दिवस पाणी ठेवा, वजन टाकू नका. पण हॉस्पिटलच्या चादरी काही दहा दिवस थांबत नाहीत. चौथ्या दिवशी हिरवा रंग फासला आणि पाचव्या दिवशी फीत.

हो, फीत कापली. जमिनीची. मालकांना गाडीत घालून आणलं. टेबलं तेव्हा अजून बाहेरच्या पडवीत होती, खोली रिकामी. मालकांनी काठीने दोनदा टकटक केलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं आणि म्हणाले, "छान. गोदाम छान झालंय." जावईबापूंना ती शाबासकी वाटली. त्यांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून आम्हीही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी टेबलं आत आली आणि स्लॅबवर ठेवली गेली. आम्हीही स्लॅबवरच. पाइपवाल्याने पाइप जोडले, वाफ सुरू झाली, आक्काने चादर पसरली आणि इस्त्री हातात घेऊन तशीच थांबली. टेबल तिच्या बरगड्यांपर्यंत आलं होतं.

"वकीलबाई," ती म्हणाली, "हे टेबल वाढलंय का मी आटले?"

सगळ्या हसल्या. मग एकेकीने आपापल्या टेबलापाशी हात ठेवून पाहिला आणि हसणं थांबलं. बायका वीतभर खाली आल्या होत्या, टेबलं मात्र बायकांच्या बरोबरीने उभी होती. एवढी साधी गोष्ट. पाचवीतल्या पोराने गणित सोडवलं असतं. पण जावईबापूंनी खोलीची लांबी मोजली, रुंदी मोजली, स्लॅबची जाडी मोजली. बाई मोजायची राहिली.

त्यांना सांगितलं, तर ते टेबलाकडे न बघता म्हणाले, "उलट चांगलं आहे. आता वाकावं लागणार नाही. पाठ ताठ राहील. शास्त्रीय आहे हे."

मी तेव्हा कुठे होते? मी दाराजवळ बसले होते. सुपरवायझर झाले होते ना! मला एक टेबल, एक खुर्ची, एक रजिस्टर आणि दोरीला बांधलेलं पेन मिळालं होतं. कानामागून येऊन तिखट होणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण इतक्या लवकर तिखट झालेली मीच. बायका तक्रार घेऊन आल्या की मी म्हणायचे, "नवीन आहे, सवय होईल." बसून सांगायचे. बसलेल्या माणसाला उभ्या माणसाची सवय फार लवकर होते.

बायकांना काही ती सवय होईना. इस्त्री धरलेला हात खांद्याच्या रेषेत उचलून दिवसभर पुढेमागे करून पाहा, म्हणजे कळेल. जोर द्यायचा तर टाचा उचलायच्या. टाचा उचलल्या की पोटऱ्यांत गोळे. खाली सिमेंट, ते काही दबत नाही. ते आपल्यालाच दाबतं, तळपायापासून मणक्यापर्यंत. तिसऱ्या दिवसापासून चहाच्या सुट्टीत कुणी गप्पा मारेना. सगळ्या ओळीने भिंतीला टेकून पाय पसरून बसायच्या, प्रेतांसारख्या.

त्यात पाणी. पूर्वी ते फटीतून निघून जायचं. आता नाली बुजलेली आणि उतार होता तो आतल्या बाजूला, बरोबर आक्काच्या टेबलाखाली. दर तासाला कुणीतरी इस्त्री ठेवून पाणी पुसायचं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे अंगण खरोखरच वाकडं होतं, आणि तरी बोल नाचणारीलाच.

बायकांनी खोक्यांचे पुठ्ठे आणून पायाखाली घातले. एक दिवस जावईबापूंनी ते पाहिले. "हे काय उकिरड्यासारखं? काढा सगळं." पुठ्ठे गेले. चार दिवसांनी त्यांनी स्वतःचा उपाय आणला. भिंतीवर एक मोठं चित्र लागलं, त्यात एक बारीक कंबरेची मुलगी हसत हसत हात वर करून पाय ताणत होती. कामाआधी पाच मिनिटं सगळ्यांनी तसं करायचं. आक्काने चित्राकडे बराच वेळ पाहिलं.

"ही कुठल्या टेबलावर असते?" तिने विचारलं.

टेबलं आत आल्याच्या दहाव्या दिवशी सकाळी हॉस्पिटलची गाडी दारात उभी होती आणि तीस डगले बाकी होते. आक्का टाचा उचलून डगल्याच्या कॉलरवर जोर देत होती. मी रजिस्टरात आकडे भरत होते. आवाज मोठा झाला नाही. ओल्या फडक्याची घडी पडावी तेवढाच. वर पाहिलं तर आक्का टेबलाशी नव्हती. इस्त्री तिच्या नळीला लोंबकळत फुसफुसत होती आणि आक्का खाली, हिरव्या चकचकीत पाण्यात, उजवा हात अंगाखाली घेऊन.

ओरडली नाही ती. दात आवळून एवढंच म्हणाली, "आधी ती इस्त्री बंद करा गं. डगला जळेल."

मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं.

तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं आणि तासाभरात जावईबापू माझ्या टेबलापाशी आले. हातात छापील कागद होता. कामावर अपघात झाला की तो भरायचा असतो, खाली सुपरवायझरची सही, त्याखाली मालकांची. परवाना अजून मालकांच्याच नावावर होता.

"लिहा," ते म्हणाले. "अपघाताचं कारण: कामगाराचा निष्काळजीपणा आणि अयोग्य चप्पल."

"साहेब, चपला तर लाँड्रीनेच दिल्यात."

"मग नुसता निष्काळजीपणा लिहा. तुम्ही समजूतदार आहात. आणि हे बघा, त्या डगल्यांचं काहीतरी करा, गाडी खोळंबली आहे."

बाकीच्या जणी आपापल्या ढिगात बुडालेल्या होत्या. मी कागद रजिस्टरात ठेवला आणि आक्काच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. स्लॅब झाल्यापासून पहिल्यांदा. माझा हात एकोणीस वर्षांचा, म्हटलं अर्ध्या तासात उरकेन. पाच मिनिटांत खांदा बोलायला लागला. दहा मिनिटांत टाचा आपोआप उचलल्या गेल्या, पाण्यात चप्पल सरकली आणि मी दोन्ही हातांनी टेबलाची कड पकडली. मग अंगठा कोपराशी टेकवून वीत घातली. करंगळी टेबलाच्या कडेला लागली. पुरी एक वीत.

शेजारच्या टेबलावरची बाई माझ्याकडे बघत होती. "होतेय का सवय?" तिने विचारलं.

मला तिचा राग यायला हवा होता. लाज आली. हिशेब सोपा होता. ज्याला कळत नव्हतं, त्याने हे केलं, आणि जिला कळत होतं, तिने त्याला 'चांगलंच होईल की' म्हटलं. जावईबापू मूर्ख होते, पण मूर्खाला निदान मूर्खपणाची सबब असते.

डगले संपवले आणि कागद काढला. दोरीला बांधलेल्या त्या पेनाने लिहिलं: 'टेबलं वीतभर उंच झाली आहेत. पाणी जायला वाट नाही. जमीन घोटलेली असल्याने पाय घसरतो. कामगार टाचा उचलून काम करतात. हे सगळ्यांनी सांगितलं होतं. मीही सांगायला हवं होतं, मी सांगितलं नाही.' खाली सही केली. जावईबापूंच्या हातात न देता मालकांच्या घरी स्वतः नेऊन दिला.

दुसऱ्या दिवशी मालक आले. न कळवता, रिक्षाने. जावईबापू धावत आले, "बाबा, तुम्ही कशाला त्रास घेतलात?" मालकांनी काठी भिंतीला टेकवली, आक्काच्या टेबलापाशी गेले आणि इस्त्री हातात घेतली. फार कमी लोकांना माहीत असेल, हा माणूस तरुणपणी दुसऱ्याच्या लाँड्रीत इस्त्रीच करत होता. आधीच बुटका, त्यात म्हातारपणाने वाकलेला. टेबल त्यांच्या छातीपर्यंत आलं. एक उशीचा अभ्रा घेऊन त्यांनी कसाबसा टेबलावर पसरला, इस्त्री दोनदा फिरवली आणि ठेवून दिली.

"जावईबापू," ते म्हणाले, "ही टेबलं कुणासाठी? जिराफ ठेवणार आहात कामाला?"

"ठेकेदाराने सगळी मापं घेतली होती, बाबा."

"कसली?"

"लांबी... रुंदी..."

"सुताराला विचारलं होतं?"

आम्ही सगळ्या जणी इतक्या मन लावून इस्त्री करत होतो की काय सांगू.

"तुमचं बरोबर आहे," मालक म्हणाले. "उंटावर बसलं की शेळ्यांची उंची कळत नाही." मग माझ्याकडे वळले. मला वाटलं काही बरं बोलतील. "आणि तू गं? एकोणीस वर्षं इथे काय फक्त पगार घेतलास?"

टेबलांचे पाय कापता येतात का, ते पाहिलं. पाइपांमुळे जमेना. मालकांनी सुतारमामांना निरोप धाडला. म्हातारा दोनदा आलाच नाही, तिसऱ्यांदा आला. त्याने स्लॅबवर पाणसळ ठेवली, तिच्या काचेतला बुडबुडा एका बाजूला पळाला. जावईबापू तिथेच उभे होते. सुतारमामांना वाट्टेल ते बोलता आलं असतं. ते एवढंच म्हणाले, "स्लॅब मजबूत आहे, साहेब. याच्यावर फलाट छान बसेल."

बसलाही. या वेळी मामांनी प्रत्येकीला टेबलापाशी उभं केलं, कोपराची उंची मोजली आणि भिंतीवर, बरोबर त्या हसऱ्या मुलीच्या चित्रावर, पेन्सिलीने मांडली. प्रत्येकीचा वेगळा लाकडी चौथरा झाला, फटीफटीचा, कुणाचा वीतभर, कुणाचा चार बोटं जास्त. पाण्यासाठी त्या नव्याकोऱ्या एकसंध स्लॅबची मधली पट्टी फोडावी लागली. दोन गडी दोन दिवस घण मारत होते. पन्नास वर्षं बघायला नको म्हणाले होते, पन्नास दिवसही धड झाले नाहीत.

मला त्याच आठवड्यात जावईबापूंनी सुपरवायझरच्या खुर्चीवरून उठवलं. 'फेररचना' असा शब्द वापरला. माझ्या जागी त्यांनी कुणालाच बसवलं नाही, त्यामुळे काही अडलं नाही, हेही सांगायला हवं. मी परत टेबलापाशी गेले, माझ्या मापाच्या चौथऱ्यावर.

आणि जावईबापू? पालथ्या घड्यावर पाणी. महिन्याभराने हॉस्पिटलचे तेच दोन पाहुणे आले. त्यांना घेऊन ते आमच्यात फिरले. "प्रत्येक कामगाराच्या उंचीनुसार स्वतंत्र व्यासपीठ," ते सांगत होते. "खाली काँक्रीटचा भक्कम पाया, वर नैसर्गिक लाकूड. ही संकल्पना माझी." पाहुण्यांपैकी एकाने मान डोलावली. दुसरा मात्र एकेक पाऊल जपून टाकत होता. त्याला बहुधा ती पोटरी आठवत असावी.

आक्काला भेटायला मी गेले नव्हते. बाकीच्या दोनदा-तीनदा जाऊन आल्या. मला रोज काहीतरी काम निघायचं. पाय वळत नव्हते, हेच खरं. प्लास्टर निघाल्याचं कळलं, तेव्हा रविवारी दुपारी गेले. दार सुनेने उघडलं. "आत आहेत," ती हळूच म्हणाली, "सकाळपासून माझ्यावर चिडल्यात. जपून."

आक्का पलंगावर बसली होती. केस मोकळे, विस्कटलेले. तिला मी असं कधी पाहिलं नव्हतं. पहाटे सहाच्या पाळीलाही तिची वेणी दोरखंडासारखी घट्ट असायची. उजवं मनगट मांडीवर पडलं होतं, बारीक, पांढरट, जरासं वाकडं.

"आलीस?" ती म्हणाली. "मला वाटलं, सुपरवायझर लोकांना रविवारची सुट्टी नसते."

"मी आता नाहीये सुपरवायझर, आक्का."

"ते कळलं. खरं लिहिलंस, तेही कळलं. दहा दिवस उशिरा लिहिलंस."

मी पिशवीतली फळं काढून ठेवायला गेले, तर म्हणाली, "ती राहू दे. सभेत विचारलं होतं ना त्यांनी? कुणाची हरकत आहे का म्हणून? तेव्हा तुझं तोंड कुठे होतं?"

"खुर्चीकडे," मी म्हणाले.

हे ऐकून ती हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही. खिडकीबाहेर बघत बसली. मालकांनी तिला शिवणाच्या टेबलावर बसायला विचारलं होतं, फाटक्या चादरी शिवायच्या, उभं राहायला नको. तिने अजून काही कळवलं नव्हतं. उजव्या हाताची मूठ पुरी वळत नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, वळेल, वेळ लागेल. हे सगळं तिने तुटक तुटक, मी विचारलं तेवढंच सांगितलं.

"यायचं की नाही ते मी ठरवीन," ती म्हणाली. "त्या जावईबापूंना सांग, आक्का येणार असेल तर स्वतःच्या पायाने येऊन आधी जमीन बघेल."

"सांगते."

"तू काय सांगणार." तिने डाव्या हाताने उशाखालून फणी काढली आणि माझ्याकडे टाकली. "सुनेला जमत नाही. ती वेणी घालते की दोरी वळते, कळत नाही. बस मागे."

मी पलंगावर तिच्या मागे बसले. केस पुष्कळ गळले होते. टोकापासून गुंता सोडवायला लागले.

"ओढू नकोस," आक्का म्हणाली. "चादर नाही ती."

मी हात सैल केला. सुनेने दारातून डोकावून पाहिलं, आणि चहा ठेवायला आत गेली.